डीएनए तुटतो तेव्हा प्रतिकारपेशींना कसं कळतं?

चोडण, दिवाडी किंवा आगरवाड्याकडच्या खाजनांचे (गोव्यातल्या खाऱ्या पाण्याकाठच्या सखल शेतांचे) बांध ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको की बांध एकदा घालून भागत नाही. खेकडे बिळं करतात, भरती-ओहोटी माती चाटून नेते, पावसात कडा ढासळते. तरीही बांध उभा असतो, कारण कुणीतरी रोज त्याची डागडुजी करत असतं. आपल्या पेशीतल्या डीएनएचं अगदी असंच आहे.

एका पेशीतला डीएनए सरळ उलगडला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात गुंडाळून ठेवलेला असतो. हा रेणू फार टिकाऊ असला पाहिजे, असं पूर्वी शास्त्रज्ञ धरून चालत. टोमास लिंडाल यांनी १९७० च्या दशकात मोजमापं घेऊन दाखवलं, की पेशीतल्या कोमट पाण्यातच तो सतत झिजतो. ३७ अंश तापमानाला, कुठलंही विष न लागता, एका पेशीत दिवसाला सुमारे १० हजार अक्षरं (ए, टी, जी, सी हे चार घटक, ज्यांनी डीएनएचा मजकूर लिहिलेला असतो) डीएनएच्या कण्यावरून गळून पडतात. शिवाय रोज शंभराहून अधिक ठिकाणी ‘सी’ या अक्षराचा ‘यू’ होतो. आपण घेतलेल्या प्राणवायूतून तयार होणारे उपद्रवी रेणू आणखी हजारो अक्षरं खराब करतात. या संशोधनासाठी लिंडाल, पॉल मॉड्रिक आणि अझीझ सांजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

इतकी पडझड होऊनही आपण धडधाकट राहतो, कारण डीएनएला दोन धागे असतात. एका धाग्यावर ‘ए’ असेल तर समोर ‘टी’, ‘जी’ असेल तर समोर ‘सी’. एक धागा बिघडला तरी दुसऱ्यावरून मूळ मजकूर कळतो. दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. ग्लायकोसिलेज नावाचं विकर (एन्झाइम) धाग्यावरून सरकत जातं, चुकीचं अक्षर बाहेर वळवून तोडतं. दुसरं विकर त्या जागी कण्याला चीर पाडतं, तिसरं योग्य अक्षर बसवतं आणि लायगेज सांधा जोडतं. आरएनएमध्ये (डीएनएवरून उतरवलेल्या प्रतीत) ‘यू’ चालतो, मग डीएनएमध्ये त्याच्या जागी ‘टी’ का, याचं उत्तरही इथेच आहे. ‘सी’ बिघडून ‘यू’ होतो. डीएनएमध्ये ‘यू’ हे मुळातलंच अक्षर असतं, तर खरा ‘यू’ कुठला आणि बिघडलेला कुठला हे ओळखताच आलं नसतं. ‘टी’ वापरल्यामुळे दिसेल तो ‘यू’ चुकीचा, इतका सोपा नियम होतो. हा ‘यू’ काढणारा कामगार लक्षात ठेवा. प्रतिकारपेशींकडे वळल्यावर तो पुन्हा भेटेल.

उन्हाने होणारी मोडतोड निराळी. अतिनील किरण शेजारशेजारच्या दोन ‘टी’ अक्षरांना (किंवा ‘टी’ आणि ‘सी’ला) एकमेकांशी चिकटवतात. धाग्यात गाठ पडते आणि तिथून प्रत काढणारं यंत्र पुढे सरकत नाही. अशी गाठ नुसतं अक्षर बदलून सुटत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना चिरा देऊन २४ ते ३२ अक्षरांचा तुकडाच उचलावा लागतो आणि ती जागा नव्याने भरावी लागते. काही प्रकारच्या गाठी चार-सहा तासांत निघतात, पण सर्वांत जास्त पडणारा प्रकार पुरता निघायला एका दिवसाहून जास्त वेळ लागतो. गोव्याच्या किनाऱ्यावर मार्च ते मे या काळात भर दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो; जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात ही सर्वांत वरची पायरी. रोज दुपारी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या किंवा मिठागरात राबणाऱ्या माणसाच्या कातडीत कालच्या गाठी सुटायच्या आत आजच्या पडतात.

सावळ्या कातडीत मेलॅनिनचे कण केंद्रकावर, उन्हाच्या बाजूने, टोपीसारखे जमतात. हे संरक्षण चांगलंच आहे, पण पुरतं नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परतवतो, त्यामुळे छत्रीखाली बसलं तरी ते खालून लागतातच. पातळ ढगांतूनही ते बरेचसे येतात. लांब बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात शक्य तितकी सावली यांचा उपयोग कुठल्याही मलमाहून जास्त होतो.

ही गाठ सोडवणारी यंत्रणा जन्मतः बिघडलेली असली तर काय होतं? झेरोडर्मा पिगमेंटोसम हा आजार होतो. त्याचं मूळ डीएनएच्या दुरुस्तीत आहे, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. अशा मुलांमध्ये वयाच्या विशीच्या आत त्वचेच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे १० हजार पट असतो. तान्ह्या बाळाची कातडी थोड्याशा उन्हानेही भाजल्यासारखी लाल होत असेल आणि वर्ष-दोन वर्षांत चेहऱ्यावर दाट तपकिरी ठिपके उठत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवण्यात उशीर करू नये.

दोन्ही धागे एकदम तुटले तर

ही सर्वांत धोक्याची मोडतोड. समोरचा धागाच शाबूत नाही, मग मजकूर वाचायचा कुठून? रेडिएशनने असे दुहेरी तडे पडतात: एक ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) मात्रेला दर पेशीत साधारण २० ते ४०. किरणोपचारात नेहमीची एका दिवसाची मात्रा दोन ग्रे असते.

तुटलेली टोकं आधी एक प्रथिनसंच पकडून ठेवतो आणि एटीएम नावाचं विकर जागं होतं. ते आजूबाजूच्या हिस्टोन प्रथिनांवर (ज्यांवर डीएनए गुंडाळलेला असतो) फॉस्फेटची खूण करत सुटतं. लाखो अक्षरांच्या पट्ट्यावर ही खूण पसरते, तीही काही मिनिटांत. खुणेला चिकटणारा चमकदार रंग लावला तर सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात ठिपके दिसतात आणि ते सरळ मोजता येतात. या खुणेला गॅमा-एच-टू-एएक्स म्हणतात.

पुढे दोन वाटा आहेत. पहिली घाईची: दोन्ही टोकं घासून-पुसून एकमेकांना जोडायची. यात दोन-चार अक्षरं जातात किंवा जास्तीची घुसतात, पण काम लवकर होतं आणि कुठल्याही पेशीत करता येतं. दुसरी वाट काटेकोर. पेशीने विभाजनाआधी डीएनएची दुसरी प्रत काढून ठेवलेली असेल, तर तिच्यावरून मजकूर उतरवून घ्यायचा. ही वाट बीआरसीए-१, बीआरसीए-२ आणि आरएडी-५१ यांच्यावाचून चालत नाही. ज्या कुटुंबांत बीआरसीए जनुकात दोष असतो, तिथे स्तन आणि बीजकोशाचे कर्करोग जास्त का आढळतात, याचं कारण हेच. तिथे पेशीला घाईच्या वाटेवरच विसंबावं लागतं आणि चुका साचत जातात.

दुरुस्ती होईपर्यंत पी-५३ हे प्रथिन पेशीचं विभाजन थांबवून धरतं. नुकसान फार असेल तर पेशीला मरायला लावतं. इथवरचा सगळा कारभार पेशीच्या आतला. बाहेरच्या प्रतिकारपेशींना अजून काही पत्ता नाही.

पाणी बांधाच्या आत आलं की

खारं पाणी वाईट नसतं. नदीत ते हवंच. मासळी आणि मीठ त्यावरच. तेच पाणी मानस (बांधातलं पाण्याचं दार) फुटून कोरगुट भाताच्या शेतात शिरलं की गावभर बोंब होते. पेशीही डीएनएच्या बाबतीत हाच हिशेब करते. डीएनएची जागा केंद्रकात (थोडा मायटोकाँड्रियातही). केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवात तो दिसला तर दोनच अर्थ निघतात: विषाणू शिरलाय, किंवा स्वतःचंच काहीतरी फुटलंय.

हा पहारा देणारं प्रथिन म्हणजे सी-गॅस. डॅलसमधल्या जेम्स चेन यांच्या प्रयोगशाळेने त्याचा शोध २०१३ साली प्रसिद्ध केला. सी-गॅसला डीएनएतला मजकूर वाचता येत नाही. त्याला फक्त दुहेरी धाग्याचा आकार कळतो. डीएनए हाती लागला की ते सी-गॅम्प नावाचा छोटा निरोप्या रेणू तयार करतं. तो स्टिंग या प्रथिनाला जाऊन चिकटतो, तिथून निरोप केंद्रकात जातो आणि पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडू लागते. इंटरफेरॉन म्हणजे शेजाऱ्यांना घातलेली साद. ती ऐकून आसपासच्या पेशी सावध होतात आणि डेंड्रिटिक पेशी (प्रतिकारशक्तीचे पहारेकरी) तुकडे गोळा करून टी-पेशी नावाच्या लढाऊ प्रतिकारपेशींना नेऊन दाखवतात.

तुटका डीएनए केंद्रकाबाहेर येतो तरी कसा? बहुतेक वेळा विभाजनाच्या वेळी. दुरुस्त न झालेला गुणसूत्राचा तुकडा विभाजनात मागे राहतो आणि त्याच्याभोवती वेगळं, कमजोर आवरण तयार होतं. याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. हे आवरण सहज फाटतं आणि सी-गॅस आत शिरतं. हे काम २०१७ मध्ये उजेडात आलं आणि त्याने एक जुनं कोडं सुटलं: रेडिएशननंतर डीएनएच्या खुणा मिनिटांत दिसतात, मग प्रतिकारशक्तीची हाक उठायला कित्येक दिवस का लागतात? कारण मधे पेशीला निदान एकदा विभाजित व्हावं लागतं.

मग केंद्रकातल्या शाबूत डीएनएवर सी-गॅस का खवळत नाही? तिथे डीएनए हिस्टोनवर गुंडाळलेला असतो आणि हिस्टोन सी-गॅसला असं घट्ट पकडून ठेवतात की त्याला कामच करता येत नाही. बाहेर सांडलेले किरकोळ तुकडे ट्रेक्स-१ हे विकर चावून संपवतं. ट्रेक्स-१ जन्मतः बिघडलेलं असेल तर बाळाच्या मेंदूत विनाकारण इंटरफेरॉनचा भडका उडतो. ऐकार्डी-गूतिएर सिंड्रोम नावाचा हा आजार बाहेरून गर्भात झालेल्या विषाणूसंसर्गासारखा दिसतो.

ल्युपस या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारातही अशीच इंटरफेरॉनची जास्तीची हाक ऐकू येते आणि शरीर दुहेरी धाग्याच्या डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवतं. अँटी-डीएसडीएनए ही रक्ततपासणी तीच शोधते. उन्हाने मेलेल्या त्वचापेशी आपला डीएनए बाहेर सांडतात. म्हणून ल्युपसच्या रुग्णाला दुपारच्या उन्हात तासभर राहिल्यावर दोन-चार दिवसांनी चट्टे, ताप, सांधेदुखी सुरू होऊ शकते. गोव्यात राहून ऊन टाळा म्हणणं सोपं नाही, तरी इथे औषधाइतकंच पथ्य मोलाचं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मनाने बंद करू नये आणि ते चालू असताना डोळ्यांची तपासणी ठरलेल्या वेळी करावी.

किरणोपचारातही हीच गणितं लागू पडतात. मात्रा जितकी मोठी तितकी प्रतिकारशक्ती जास्त जागी होईल, असं वाटणं साहजिक आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत मात्र तसं दिसलं नाही. तीन दिवस आठ-आठ ग्रे दिल्यावर इंटरफेरॉनची हाक उठली, पण एकाच वेळी २० ग्रे दिल्यावर पेशींनी ट्रेक्स-१ वाढवलं आणि हाक देणारे तुकडेच नाहीसे केले. कर्करोगाच्या एका गाठीला किरण दिल्यावर दूरची दुसरी गाठही आक्रसते, असं क्वचित पाहायला मिळतं. १९५३ मध्ये आर. एच. मोल यांनी या परिणामाला अबस्कोपल हे नाव दिलं. त्यावर भरवसा ठेवून उपचार आखता येतील इतका तो नेमाने घडत नाही. रुग्णाने लक्षात ठेवायची गोष्ट साधी आहे: मधले दिवस बुडवू नयेत. दोन मात्रांमधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःला दुरुस्त करतात, हे आपल्या फायद्याचं. पण अंतर वाढलं तर गाठीतल्या पेशींनाही वाढायला सवड मिळते.

प्रतिकारपेशी स्वतःच डीएनए तोडतात

या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. अस्थिमज्जेत तयार होणारी बी-पेशी आणि थायमसमधली टी-पेशी मुद्दाम आपल्याच डीएनएचे दोन्ही धागे कापतात. प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी माणसाकडे चाळीसच्या आसपास व्ही, २३ डी आणि सहा जे हे जनुकाचे तुकडे कामाचे असतात; प्रत्येक पेशी त्यांतला एकेक निवडून जोडते. आरएजी-१ आणि आरएजी-२ ही विकरं कापतात आणि वर सांगितलेली घाईची वाट सांधे जोडते. जोडताना होणारी दोन-चार अक्षरांची घालमेल, जी एरवी चूक ठरली असती, इथे वरदान ठरते, कारण तिच्यामुळेच असंख्य वेगवेगळी प्रतिपिंडं तयार होतात. सुसुमु टोनेगावा यांना या शोधासाठी १९८७ चं नोबेल मिळालं.

लसीनंतर लसिकाग्रंथीत दुसरा हप्ता होतो. एआयडी नावाचं विकर प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम ‘सी’चा ‘यू’ करतं. मग तोच ‘यू’ काढणारा कामगार येतो. इथे मात्र त्याने पाडलेल्या चिरा दुरुस्त न होता दुहेरी तड्यांत बदलतात आणि आयजीएम या प्रकारच्या प्रतिपिंडाचं आयजीजी हा दुसरा प्रकार होतो. हा कामगार ज्यांच्यात नसतो त्या मुलांमध्ये आयजीएम भरपूर असतं, पण आयजीजी बनत नाही आणि जंतुसंसर्ग पाठ सोडत नाहीत.

सांधे जोडणारी विकरंच नसलेलं बाळ टी आणि बी पेशींशिवाय जन्मतं आणि त्याच्या सगळ्या पेशी क्ष-किरणांना नाजूक असतात. पहिल्या काही महिन्यांत पुन्हापुन्हा न्यूमोनिया, तोंडात न हटणारी पांढरी बुरशी, वजन न वाढणं, बीसीजीची जागा चिघळत राहणं या खुणा ओळखायच्या. साध्या सीबीसी तपासणीत लिम्फोसाइटचा आकडा दर मायक्रोलिटरला ३,००० च्या खाली असेल तर प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञाकडे न्यावं. निदान होईपर्यंत जिवंत जंतूंची लस देऊ नये आणि सीटी स्कॅन अगदी गरज असेल तरच करावा.

दुरुस्ती बिघडलेली गाठ आणि बायोप्सीचा रिपोर्ट

पेशी डीएनएची प्रत काढते तेव्हा चुका होतात आणि मिसमॅच (चुकीच्या जोड्यांच्या) दुरुस्तीची यंत्रणा त्या शंभर ते हजार पटींनी कमी करते. मोठ्या आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या काही गाठींत ही यंत्रणा बंद पडलेली असते. तिथे इतक्या चुका साचतात की पेशी कधी न पाहिलेली प्रथिनं बनवू लागते. टी-पेशींना ती परकी वाटतात. गाठ मग पीडी-१ हा ब्रेक दाबून त्यांना थोपवते. ब्रेक सोडवणारी औषधं अशा गाठींवर चांगली चालतात. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेम्ब्रोलिझुमॅब या अशाच औषधाला गाठ कुठल्या अवयवात आहे हे न पाहता, या दोषावरच मान्यता दिली.

रिपोर्टमध्ये, गाठीचा तुकडा रंगवून शोधलेल्या, या यंत्रणेच्या चार प्रथिनांची नावं येतात: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६. ती जोड्यांनी राहतात. एमएलएच-१ गेलं की पीएमएस-२ही जातं. एमएसएच-२ गेलं की एमएसएच-६ही. एमएलएच-१ नसेल तर लगेच लिंच सिंड्रोम (कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) समजू नये. आधी बीआरएएफ जनुकाची किंवा मिथायलेशनची (जनुक झाकणाऱ्या रासायनिक खुणेची) तपासणी करतात, कारण उतारवयात ते जनुक आपोआप झाकलं जाणं नेहमीचं आहे. आणखी एक गोष्ट वाचणाऱ्याने पाहावी. गाठीच्या शेजारच्या साध्या पेशी आणि लिम्फोसाइट यांच्यात रंग दिसलाच पाहिजे. तिथेही नसेल तर तपासणी फसली आहे, त्यावरून गाठीबद्दल काही म्हणता येत नाही. फसण्याचं नेहमीचं कारण फॉर्मेलिन. तुकड्याच्या दहापट १० टक्के बफर केलेलं फॉर्मेलिन हवं आणि तुकडा त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. नमुना गोव्याबाहेर पाठवायचा असेल तर ओला तुकडा डबीत दिवसेंदिवस ठेवण्यापेक्षा मेणात बसवलेला ब्लॉक पाठवणं शहाणपणाचं.

तंबाखू-सुपारी आणि गालाच्या पेशी

सुपारी, तंबाखू आणि मद्य तिन्ही डीएनए मोडतात. फेणी असो की बिअर, यकृतात तिचं असेटाल्डिहाइड होतं आणि ते डीएनएचे दोन धागे एकमेकांत अडकवू शकतं. तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच नोंदवलंय. साधी सुपारी चालते, हा समज सोडायला हवा.

ही मोडतोड गालाच्या पेशींत सूक्ष्मकेंद्रकं मोजून पाहता येते. आधी साध्या पाण्याने तोंड धुवायला लावतात, मग मऊ दातघासणी गालाच्या आतून दहा-एक वेळा गोल फिरवून बफरमध्ये हलवतात, दोन-तीनदा धुऊन काचपट्टीवर पसरतात. प्रत्येक माणसाच्या निदान दोन हजार पेशी मोजायच्या. सूक्ष्मकेंद्रक गोल, मुख्य केंद्रकाच्या एक तृतीयांशाहून लहान, त्याच रंगाचं आणि त्याला न चिकटलेलं असावं. गिम्सा रंगाने केराटिनचे कणही तसेच दिसतात आणि आकडा उगाच फुगतो. म्हणून डीएनएलाच रंगवणारा फॉयल्गेन वापरावा. सूक्ष्मकेंद्रक खालच्या थरात तयार होतं आणि पृष्ठभागावर यायला एक ते तीन आठवडे लागतात. आजचा नमुना म्हणजे एक ते तीन आठवड्यांपूर्वीचं नुकसान. काल सुपारी सोडली म्हणून आज आकडा उतरणार नाही.

ही चाचणी सुपारी खाणाऱ्यांचा गट आणि न खाणाऱ्यांचा गट यांतला फरक दाखवायला उत्तम आहे, पण एका माणसाला कर्करोग होईल की नाही हे ती सांगत नाही. त्यासाठी तोंडच पाहावं लागतं. आरशासमोर उभं राहून आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमधून आत जातात का ते पाहा. जात नसतील, तिखट लागताच तोंड पेटत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तीन आठवडे न भरलेली जखम असेल, तर त्याच आठवड्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात दाखवा.